पाच हजारावरचा खोकला

सासरे जाऊन पाच महिने झाले होते, आणि रविवारी सकाळी साडेसात वाजता ते खोकले.

जावई तेव्हा त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच जागेवर बसला होता. गोदामांच्या मागचा लांब सरळ रस्ता मोकळा होता आणि धुकं नुकतंच झाडांच्या उंचीपर्यंत वर सरकलं होतं. त्याने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताणली. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा चार हजारांवर गेला, साडेचारवर गेला, पाचाला टेकला, आणि समोरून, बॉनेटच्या आतून आवाज आला. "ख्हॅं... खं." एक मोठा, मध्ये दम घेतल्यासारखी फट, मग एक छोटा.

जावयाने पाय काढला. शेजारी बायको सीटला पाठ चिकटवून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली.

"काय बाबा?"

"बाबा खोकले. मी तुला आईला न सांगता घड्याळ दिलं होतं ना, लग्नाच्या आधी, तेव्हा जेवताना अस्सेच खोकले होते. एक मोठा, एक बारका."

"अगं, मिसफायर म्हणतात त्याला. प्लगने वेळेवर ठिणगी टाकली नाही की आतलं पेट्रोल न जळता पुढे जातं, आणि मग..."

"मग ठिणगी कोणी अडवली?"

"तेच तर शोधायचंय."

"शोध. पण बाबांशी नीट बोल."

जावई पेशाने माणसांचे कान तपासायचा. इस्पितळाच्या तळमजल्यावर भिंतींना जाड गाद्या लावलेली एक खोली होती. काचेपलीकडे पेशंट, त्याच्या डोक्याला हेडफोन, आणि जावयाच्या हाताखाली बटणं. दिवसभर लोकांना बारीकबारीक आवाज ऐकवून "आला का?" असं विचारायचं, हे त्याचं काम. अशा माणसाला आवाजाचा भास झाला म्हणणं म्हणजे हलवायाला गोडाची चव कळत नाही म्हणण्यासारखं होतं. म्हणूनच तो घाबरला होता. बायकोने म्हणायच्या आधीच त्यालाही सासरेच ऐकू आले होते.

सासरे अग्निशमन दलात ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं त्यांनी घंटा वाजवत बंब पळवला, आणि निवृत्त झाल्यावर वेगाची चटक सुटेना म्हणून दोन माणसांची एक जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. गाडी त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी. गर्द हिरवी आणि बुटकी, इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरच बसकण मारल्यासारखं वाटावं. घरात सगळ्यांनी धसका घेतला. पण दुसऱ्याच महिन्यात गाडीला पाच हजार फेऱ्यांवर खोकला लागला आणि सासऱ्यांचा वेग आपोआप निवला. पुढची अकरा वर्षं ते गाडी चालवण्यापेक्षा उघडून बसण्यातच रमले. हळूहळू त्यांनाही खोकला लागला. गाडी खोकायची तेव्हा तेही खोकायचे, त्यामुळे कुठला कोणाचा हे निवडायची वेळ कधी आली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी जावयाचा हात धरला होता. "गाडी तुम्हाला. तिचा खोकला शोधा." मग जरा थांबून म्हणाले, "घाई करू नका." सासऱ्यांनी जावयाकडे आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या होत्या. पहिली म्हणजे मुलीला सुखात ठेवा, आणि त्या बाबतीतला निकाल बायकोने अजून राखून ठेवला होता. निदान दुसरी तरी पुरी करायचीच, असं जावयाने मनाशी घेतलं. जुन्या गाड्यांच्या मंडळाची टेकडीची चढाई सहा आठवड्यांवर आली होती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एकेक गाडी चढवायची आणि वेळ मोजायची, एवढाच तो खेळ. सासरे त्यात अकरा वर्षं शेवटचे आले होते. जावयाने अर्ज भरला आणि ठरवलं, या वेळी न खोकता वर जायचं.

मिस्त्रीकाका सासऱ्यांच्याच अग्निशमन केंद्रात बंबांची देखभाल करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली होती आणि ओळखीच्यांच्या गाड्या तेवढ्या बघायचे. जावयाने गाडी शेडमध्ये घातली.

"काका, पाच हजारावर तुटतंय."

मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटले. "प्लग," ते म्हणाले.

चारही प्लग बदलले. मिस्त्रींनी खिशातून छोटी बाटली काढून प्रत्येक प्लगच्या डोक्यापाशी लाल रंगाचा ठिपका लावला आणि दुसरी, निळी बाटली जावयापुढे धरली.

"ड्रायव्हरसाहेब असते तर त्यांनी लावला असता. आता निळा तुमचा."

"हे काय असतं?"

"आमच्या केंद्रातली रीत. मिस्त्रीने तपासलं की लाल. म्हणजे काही झालं तर मी जबाबदार. ड्रायव्हरने पाहिलं की शेजारी निळा. म्हणजे पाहिलं, माझी हरकत नाही, आता निघतो. आणि लाल लावून बंद केलेलं झाकण ड्रायव्हरने उघडायचं नाही. आगीला निघाल्यावर कोणी कोणाच्या कामात बोट घालायचं नसतं."

जावयाने चार निळे ठिपके लावले. रविवारी गाडी खोकली. पुढच्या शनिवारी प्लगच्या वायरी बदलल्या. मग कॉइल. मग पेट्रोलचा पंप. दर शनिवारी मिस्त्री म्हणायचे, "आता नाही येणार," आणि दर रविवारी तो यायचा, एक मोठा आणि एक छोटा.

पंप झाल्यावर जावयाला गॅरेजच्या फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे एक वही सापडली. सासऱ्यांचं उभं, टोकदार अक्षर. पहिल्या पानावर तारखा आणि पुढे एकेक ओळ. 'प्लग बदलले. फरक नाही.' 'वायरी बदलल्या. फरक नाही.' 'कॉइल. फरक नाही.' 'पंप. फरक नाही.' जे त्याने केलं होतं ते, आणि ज्या क्रमाने केलं होतं त्याच क्रमाने, अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. त्याने पुढची ओळ वाचली. 'कार्ब्युरेटर उघडला.' तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "मी विचार केला. या शनिवारी कार्ब्युरेटर उघडू."

जावयाच्या हातून वही ग्रीसच्या डब्यात पडली.

त्याच सुमारास आरशाचं सुरू झालं. जावई चांगला उंच, सासरे ठेंगणे. जावई रविवारी सीट मागे सरकवायचा, आरसा आपल्या डोळ्यांना लावायचा, गॅरेजला कुलूप घालायचा आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर अडकवायचा. पुढच्या शनिवारी पाहावं तर सीट पुढे आणि आरसा खाली. आरशात त्याला स्वतःची हनुवटी दिसायची. एकदा तो कामावरून लवकर परतला आणि तडक गॅरेजात गेला. कुलूप जागच्या जागी होतं. दिवा लावला. सीट चार बोटं पुढे आली होती, कातड्यावर बसल्याचा खळगा होता, आणि हात लावून पाहिला तर कातडं कोमट होतं.

जावई मागच्या पावली घरात आला. बायको आणि सासूबाई टेबलाशी मटार सोलत होत्या.

"गॅरेजात कोणीतरी बसून गेलंय," तो म्हणाला. "आत्ताच. सीट अजून गरम आहे."

"बसत असतील," बायको अगदी सहज म्हणाली. "गाडी त्यांचीच आहे."

सासूबाईंच्या हातातले दोन दाणे तेवढे भांड्याबाहेर पडले.

खरी पंचाईत पुढे झाली. गाडीला खरं-खोटं कळायला लागलं.

"आईला गाडीतून फिरवून आणीन म्हणाला होतास," बायकोने वाटेत विचारलं. "विसरलास ना?"

"विसरलो कसा? कामं होती गं."

"ख्हॅं... खं."

दोघांनी बॉनेटकडे पाहिलं. मग बायकोने हळूच विचारलं, "हे केस मी कापून घेतले, ते कसे दिसतात?"

"छानच की!"

"ख्हॅं... खं."

खोटं बोलताना जावयाचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला जात असे. ही गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक नव्हती, आणि गिअरबॉक्सच्या पलीकडे बसून बायकोला त्याचा पाय दिसत नव्हता. तिला मात्र हा प्रकार फार आवडला. घरात लग्नापासून न विचारलेले प्रश्न ती आता गाडीत विचारू लागली. जावई रविवार जवळ आला की घसा दुखतो म्हणायला लागला.

शेवटी त्याने आपल्या पेशाचा आधार घ्यायचं ठरवलं. एका रविवारी गाडीत मोबाइल ठेवून त्याने खोकला टिपून घेतला. सासऱ्यांचा खोकला जावयाच्या लग्नाच्या चित्रफितीत होता. नवरदेव उठून म्हणतो, "हिला मी कधीही रडवणार नाही," आणि पाठोपाठ पहिल्या रांगेतून सासरे खोकतात. सोमवारी पेशंट संपल्यावर जावई गाद्यांच्या खोलीत स्वतः जाऊन बसला, हेडफोन चढवला, दार लावून घेतलं. त्या खोलीत इतकी शांतता असते की आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. डाव्या कानात त्याने गाडी लावली, उजव्या कानात सासरे.

दोन्ही कानांत एकच माणूस होता. मोठा तेवढाच मोठा, छोटा तेवढाच छोटा, मधली फट केसाचाही फरक नसलेली. "आला का?" असं विचारायला तिथे कोणी नव्हतं, तरी सवयीने जावयाच्या तोंडून शब्द गेला, "आला."

पण भीतीने अर्धा झालेला माणूससुद्धा आपलं शिकलेलं विसरत नाही. घरी परतताना त्याच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. एकाच माणसाचा कान आज तपासला आणि उद्या तपासला तर आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो. बिघडलेल्या गोष्टीचं असंच असतं, कधी बरं वाटतं, कधी जास्त दुखतं. ही गाडी मात्र चढावर असो की सपाटीला, गार असो की तापलेली, गिअरमध्ये असो की उभ्या जागी, बरोबर पाच हजारालाच खोकायची. चार हजार नऊशेला नाही, पाच हजार शंभरला नाही. बिघाड इतका शिस्तीचा नसतो. शिस्त कोणीतरी लावावी लागते.

त्याने गॅरेज उघडलं, बॉनेट वर केलं आणि टॉर्च घेऊन एकेक ठिपका पाहत गेला. प्लगवर लाल-निळा. कॉइलवर लाल-निळा. पंपावर, फिल्टरवर, पट्ट्यावर, सगळीकडे जोडीने. फक्त एका ठिकाणी लाल एकटाच होता. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारी डबी. तिच्या काळ्या टोपीची खिटी लाल रंगाने बुजवलेली होती आणि शेजारी निळा नव्हताच. सासऱ्यांनी अकरा वर्षांत तिथे सही केली नव्हती.

जावयाने मिस्त्रींना फोन लावला.

"काका, डिस्ट्रिब्युटरवर निळा का नाही?"

"तिथे हात लावू नका, साहेब."

"का?"

"ड्रायव्हरसाहेबांनीही कधी लावला नाही," एवढं बोलून मिस्त्रींनी फोन ठेवला.

गॅरेजच्या पत्र्यावर फांदी घासत होती. जावई हत्यारांच्या पेटीत पातळ पाना शोधू लागला, तर तळाशी कापडात गुंडाळलेली एक बाटली हाताला लागली. लाल नेलपॉलिश. अर्धी वापरलेली. चहा घेऊन आलेल्या बायकोने ती उजेडात धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"आईने जन्मात नखं रंगवली नाहीत. ही कोणाची?"

"मला काय माहीत?"

"बाबांच्या पेटीत कोणा बाईची नेलपॉलिश?"

"ते आपण नंतर बघू. आधी हे उघडू दे."

"लाल फोडू नकोस!" बायकोने त्याचा दंड धरला. "बाबा नेहमी सांगायचे, लाल फोडायचं नसतं."

जावयाने दंड सोडवून घेतला आणि नखाने रंग खरवडला. वरचा लाल थर निघाला तर खाली आणखी एक लाल थर होता, जरा काळपट. तोही निघाला. खिटी सुटली. त्याने टोपी उचलली, आणि दोघांनी नकळत श्वास रोखला.

आतून काहीच बाहेर आलं नाही. मधोमध फक्त रोटर होता, करंट एकेका प्लगकडे वळवणारा, फिरणारा, अंगठ्याएवढा तुकडा. पण त्याच्या पाठीवर एक बारकी स्प्रिंग होती आणि स्प्रिंगला बांधलेलं छोटंसं पितळी वजन. जावयाने ते बोटाने ओढलं. वजन बाहेर सरकलं, शेजारच्या लोखंडाला टेकलं, आणि सोडल्याबरोबर टिच करून आत गेलं. त्याला एकदम उलगडलं. फेऱ्या वाढल्या की हे वजन आपोआप बाहेर फेकलं जाणार आणि ठिणगी प्लगकडे जायच्याऐवजी इथेच गडप होणार. पितळेवर बारीक आकडा कोरलेला होता, ५०००.

"बाबा नाहीत हे," तो म्हणाला. "हे कोणीतरी मुद्दाम बसवलंय."

"फोडलंत तर शेवटी," मागून आवाज आला.

दोघंही जागच्या जागी उडाली. दारात मिस्त्री उभे होते, धापा टाकत. त्यांच्या मागे सासूबाई होत्या.

"काका, हे तुम्ही बसवलंत?"

मिस्त्रींनी सासूबाईंकडे पाहिलं.

"मी सांगितलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "भावजींना काही बोलू नका. अकरा वर्षं माझ्यासाठी खोटं बोलताहेत बिचारे."

त्या आत आल्या आणि गाडीच्या मडगार्डला टेकल्या. "बत्तीस वर्षं मी खिडकीत उभी राहिले. घंटा वाजत गेली की ती परत येईस्तोवर जागची हलायची नाही. निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, सुटले एकदाची. आणि घेऊन काय आले, तर ही. भांडले असते तर ऐकलं नसतं. ऐकलं असतं तर झुरले असते. म्हणून भावजींना म्हटलं, असं काहीतरी करा की गाडीही राहील आणि माणूसही राहील."

"आणि बाबा अकरा वर्षं शोधत बसले?" बायकोने विचारलं.

"माझ्या डोळ्यांसमोर बसले. बत्तीस वर्षांत मिळाला नव्हता तेवढा तो माणूस मला या गॅरेजात मिळाला. मी चहा घेऊन यायची, ते वंगणाच्या हाताने कप धरायचे."

"आणि वहीतली यादी?" जावयाने मिस्त्रींना विचारलं. "आपण केलं ते सगळं त्याच क्रमाने कसं लिहिलंय?"

"यादी माझीच ना," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "त्यांना दिली तीच तुम्हाला दिली. दुसरी कुठून आणू?"

"सीट?"

"दुपारी मी बसते थोडा वेळ," सासूबाई म्हणाल्या. "माझी उंची त्यांच्याएवढीच. तुम्ही सीट फार मागे नेऊन ठेवता."

"आणि खोकला? अगदी त्यांचाच आवाज आहे, आई. मी तपासलाय."

सासूबाईंना रडता रडता हसू आलं. "गाडी खोकली की मला हसू फुटायचं. कारण मला माहीत होतं ना! ते पाहून हेही मुद्दाम अगदी तसंच खोकायला लागले, मला हसवायला. पुढे सवयच जडली." मग त्यांचं हसू ओसरलं. "पण जाताना तुम्हाला म्हणाले, खोकला शोधा. म्हणजे तो सल शेवटपर्यंत होता त्यांच्या मनात. फसवलं मी त्यांना. आता काढा ते. रविवारी गाडी न खोकता वर न्या. तेवढं तरी होऊ दे त्यांच्या मनासारखं."

मिस्त्रींनी खिशातून रुमालात बांधलेला साधा रोटर काढून जावयाच्या हातात दिला. "हा मूळचा. तेव्हापासून जपून ठेवलाय." मग ते निघून गेले आणि बायको आईला धरून घरात घेऊन गेली.

जावई एकटा उरला. त्याने वजनाचा रोटर दोन बोटांत धरून वर ओढला. सहज निघाला. पुसायला म्हणून त्याने तो उलटा केला, आणि कापड हातातच राहिलं.

तळाला निळा ठिपका होता.

जुना, तेलाने काळवंडलेला, पण निळाच. शेजारी सुईने कोरलेली एक तारीख. जावयाने फळीवरची वही घेतली आणि पहिलं पान उघडलं. 'प्लग बदलले. फरक नाही' या ओळीची तारीख त्यानंतर दोन दिवसांनी होती. म्हणजे सासऱ्यांनी वहीत पहिली ओळ लिहायच्या आधीच हे झाकण उघडलं होतं. पाहिलं, माझी हरकत नाही, अशी सही केली होती. मग नेलपॉलिश आणून खिटीवर लाल परत लावला होता, आणि अकरा वर्षं, प्लगपासून सुरुवात करून, मन लावून शोधलं होतं. जावई तेलकट फरशीवर बसला. त्याला रडू आणि हसू एकदमच येऊ लागलं, आणि कोणाला पुढे जाऊ द्यावं ते त्याला कळेना. घाई करू नका, असं सासरे का म्हणाले होते, ते मात्र कळलं.

रविवारी टेकडीवर धुकं होतं. जावयाने शेजारच्या सीटवर सासूबाईंना बसवलं. मिस्त्री आणि बायको मंडळाच्या गाडीतून आधीच वर, टाकीपाशी जाऊन थांबले होते. निशाण पडलं. गाडी पहिलं वळण घेऊन वर सुटली. काटा साडेचारावर गेला, पाचाला टेकला. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"ख्हॅं... खं."

त्यांनी डोळे उघडले. "काढलं नाहीत?"

"शेवटच्या वळणाच्या आधी एक मिनिट थांबतो, आई. तसेही आपण शेवटचेच येणार आहोत."

धुक्यात रस्त्याच्या कडेला त्याने गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, टोपी काढली आणि रोटर उलटा करून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी आधी ठिपका पाहिला, मग चष्मा नाकावर सारून तारीख वाचली. बत्तीस वर्षं त्यांनी बंबाच्या ड्रायव्हरचा संसार केला होता, निळ्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. बोटाने त्यांनी तो ठिपका दोनदा पुसल्यासारखा केला. तो गेला नाही.

"लबाड माणूस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "अकरा वर्षं मला चहा आणायला लावला." मग त्यांनी डोळे पुसले, रोटर जावयाला परत दिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बसवा परत. आणि ऐका, भावजींना यातलं काही कळता कामा नये."

गाडी शेवटच्या चढावर आली. टाकीपाशी मिस्त्री कान देऊन उभे होते. धुक्यातून इंजिनाचा आवाज वर वर चढत आला, आणि पाच हजारावर, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असा, खोकला. गाडी येऊन थांबली तेव्हा मिस्त्री पांढरे पडले होते.

"साहेब, तो... तुम्ही रोटर बदललात ना?"

"बदलला की," सासूबाई खाली उतरत म्हणाल्या. "माझ्यासमोर बदलला."

"मग खोकतेय कशी?"

"तेच म्हणतोय मी," जावई म्हणाला. "काय असेल, काका?"

मिस्त्रींनी सवयीने बॉनेटकडे हात नेला आणि तो मधेच थांबवला. प्लग हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता, पण बाहेर पडला नाही. इकडेतिकडे पाहून ते बॉनेटपाशी वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, माझी चूक झाली. पण वहिनींनीच सांगितलं होतं हो."

"ख्हॅं... खं."

इंजिन तर बंद होतं. मिस्त्रींनी मागे वळून पाहायचं धाडस केलं नाही. केलं असतं, तर त्यांना तोंडावर हात दाबून उभ्या असलेल्या सासूबाई दिसल्या असत्या.